ओढ्याचं वर्ष कधी सुरू होतं?

झरेवाडीचं मीटर उलटं चाललं होतं.

सुरंगीनं आधी डोळे चोळले. मग ओढणीच्या टोकानं मीटरची काच पुसली. तरी विश्वास बसेना, तेव्हा ती स्टुलावर चढली आणि नाक काचेला टेकवून बघत राहिली. काल संध्याकाळपर्यंत शहाण्यासारखा वर वर जाणारा आकडा आज खाली खाली येत होता. शेवटच्या घरात नऊ, मग आठ, मग सात. जणू कुणी अंकलिपी शेवटाकडून वाचायला घेतली होती.

"आत्या! गौतमीआत्या! मीटरला वेड लागलं!"

आत्या शेडच्या दारात बसून गमबुटातलं पाणी ओतून टाकत होती. गौतमीआत्या ही सुरंगीच्या बाबांची धाकटी बहीण. मोठमोठ्या धरणांवरच्या वीजघरांसाठी यंत्रं आखण्यात तिची बरीच वर्षं गेली होती. यंदा ती नोकरी सोडून वाडीत परत आली, ती दोन पेट्या कपडे आणि अकरा पेट्या हत्यारं घेऊन. वाडीतल्या बायकांनी कपड्यांच्या पेट्या उघडून बघितल्या आणि लगेच मिटल्या. हत्यारांच्या पेट्यांभोवती मात्र वाडीतली सगळी पोरं गोळा झाली होती.

"वेड नाही लागलं," आत्या म्हणाली. "मीटर आज पहिल्यांदाच खूश आहे."

आजऱ्याच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत झरेवाडी आहे. घरं सात. वरच्या कड्यावरून एक ओढा उड्या मारत खाली येतो आणि वाडीला वळसा घालून पुढे नदीला मिळतो. आत्यानं त्या ओढ्याचं थोडंसं पाणी वर उंचावर एका टाकीत वळवलं होतं. टाकीतून जाडजूड नळ सरळ खाली उतरवला होता आणि नळाच्या तोंडाशी एक टर्बाइन (पाण्याच्या जोरानं गरगर फिरणारं पात्यांचं चाक) बसवलं होतं. चाकाच्या दांड्याला जोडलेलं होतं जनित्र (फिरवलं की वीज तयार करणारं यंत्र). सगळा संसार मिळून आईच्या शिवणयंत्राच्या टेबलापेक्षा थोडाच मोठा होता.

"आता नीट ऐक," आत्या म्हणाली. "आपल्या सात घरांना आणि तुझ्या आईच्या कारखान्याला लागते त्यापेक्षा जास्त वीज पावसाळ्यात ओढा देतो. ती जास्तीची वीज कुठे जाते?"

"वाया जाते?"

"वाया कशाला जाईल? या खांबावरच्या तारेतून ती ग्रिडमध्ये जाते. ग्रिड म्हणजे (गावोगावच्या तारांचं एकमेकांत गुंफलेलं जाळं). आजऱ्यात कुणीतरी या घटकेला मिक्सर लावला असेल, तर त्याच्या चटणीत आपला ओढा असू शकतो. आपण ग्रिडकडून वीज घेतली की आकडा वर जातो. आपण ग्रिडला वीज दिली की आकडा खाली येतो. शेवटी दोन्हींतला फरक तेवढा धरायचा. यालाच नेट मीटरिंग म्हणतात, म्हणजे (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करून फक्त उरलेला फरक मोजणं)."

सुरंगीनं परत काचेला नाक लावलं. बघता बघता आकडा शून्यावर आला, क्षणभर घुटमळला आणि त्याच्या डावीकडे उणे चिन्ह उगवलं.

"आता ग्रिडच आपलं देणं लागतं!" सुरंगी ओरडली आणि स्टुलावरून पडली.

ही बातमी वाडीत पसरली तेव्हा एकच माणूस नाराज झाला. शेजारचे रावबाकाका. त्यांची म्हैस टर्बाइनच्या खालच्या अंगाला पाणी प्यायची.

"गौतमी," ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "त्या पान्यातली वीज तुमी काढून घेतलीसा. आता माझ्या म्हशीनं काय चोथा प्यायचा व्हय?"

आत्या हसली नाही. प्रश्न कसलाही असो, ती त्याला हसत नसे. तिनं सुरंगीला विचारलं, "शाळेच्या घसरगुंडीवरून तू खाली येतेस, तेव्हा तुझ्यातलं काय कमी होतं?"

सुरंगीनं विचार केला. "काहीच नाही. रक्त तेवढंच, हाडं तेवढीच. फक्त... उंची कमी होते. मी वर होते, ती खाली येते."

"पाण्याचंही तेच. उंचावर असल्यामुळे त्याच्या अंगी पडण्याचा जोर असतो. तो जोर आपण चाकाला देतो. पाणी जसंच्या तसं राहतं. जितक्या उंचावरून पडेल आणि जितकं जास्त पडेल, तितकी जास्त वीज. बाकी काका, चव घेऊन बघा."

रावबाकाकांनी ओंजळभर पाणी पिऊन बघितलं, जिभेवर घोळवलं, आणि म्हशीला परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी मात्र ते म्हणाले, "तरीबी दूध जरा पातळच वाटतंय." रावबाकाकांचं दूध पातळ का असतं हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचा विजेशी काही संबंध नव्हता.

पावसाळा सरला, थंडी आली. ओढ्याची धार बारीक होत गेली, तशी मीटरवरच्या शिलकीची वाढही मंदावली. तरी फेब्रुवारी संपताना वाडीच्या नावावर चार हजारांवर युनिटं शिल्लक होती. युनिट म्हणजे (वीज मोजण्याचं माप, जसं दुधाला लिटर). ही शिल्लक सगळ्यांत जास्त प्रिय होती ती सुरंगीच्या आईला.

कारण आईचा कारखाना होता आइस्क्रीमचा. पत्र्याची शेड, चार मोठे फ्रीझर आणि वाडीतल्या सहा बायका. करवंदाचं, फणसाचं आणि जांभळाचं आइस्क्रीम. गारगोटीपासून बेळगावपर्यंत मागणी. आता गंमत अशी, की करवंदं पिकतात ती भर उन्हाळ्यात, आणि नेमक्या त्याच वेळी ओढा इतका रोडावतो की टर्बाइनचं चाक आळस दिल्यासारखं फिरतं. म्हणून आईचा सगळा भरवसा होता पावसाळ्यात ग्रिडला दिलेल्या त्या चार हजार युनिटांवर. उन्हाळ्यात ती परत घ्यायची आणि फ्रीझर चालवायचे.

एप्रिलच्या पहिल्या सकाळी आई मीटर बघायला गेली आणि तिथूनच तिनं अशी हाक मारली की रावबाकाकांची म्हैस दावं तोडून पळाली.

मीटरवर शून्य होतं.

शिल्लक गेली होती. सगळीच्या सगळी.

"एप्रिल फूल असेल," सुरंगी चाचरत म्हणाली.

"मीटर कधी थट्टा करतं होय?" आई कडाडली. तिनं ताबडतोब वीज कंपनीच्या तक्रार-खिडकीला फोन लावला. तिकडून एका गोड आवाजानं सांगितलं, की आपली तक्रार आमच्यासाठी फार मोलाची आहे. आईनं विचारलं, मोलाची आहे तर ती सोडवणार कधी? गोड आवाजानं पुन्हा सांगितलं, की आपली तक्रार आमच्यासाठी फार मोलाची आहे.

आठवड्याभरानं निरीक्षक आला.

तो माणूस नव्हता. डोंगराच्या पायवाटेवरून एक पिवळा यंत्रमानव धापा टाकल्यासारखा आवाज करत वर चढत होता. उंची आत्याएवढी, डोकं डब्यासारखं, छातीवर कंपनीचं बोधचिन्ह. डांबरी रस्त्यासाठी बनवलेले त्याचे पाय दर चार पावलांना दगडावर घसरत होते, आणि घसरला की तो स्वतःशीच म्हणायचा, "सदर दगडाची नोंद घेतली आहे."

वाडीच्या तोंडाशी येऊन तो थांबला. "नमस्कार. सदर यंत्रमानव हा वीज कंपनीचा अधिकृत निरीक्षक आहे. सदर तक्रारदार कोण?"

"मी सदर तक्रारदार," आई पदर खोचत म्हणाली. "आमची चार हजार युनिटं कुठे आहेत?"

पोरांनी त्याचं नाव तिथल्या तिथे सदरराव ठेवलं.

सदररावांनी मीटर तपासलं. तारा तपासल्या. टर्बाइनमध्ये डोकं घातलं, ते भिजवून बाहेर काढलं. मग सगळ्यांसमोर उभं राहून जाहीर केलं, "कोठेही बिघाड नाही. चोरी नाही. राज्याच्या धोरणानुसार दर वर्षी एकतीस मार्चला सदर शिल्लक शून्य करण्यात येते. एक एप्रिलपासून नवे वर्ष सुरू. सबब तक्रार निकाली."

"निकाली?" आई म्हणाली. "आणि आमची करवंदं?"

"करवंदांचा उल्लेख धोरणात आढळत नाही."

आणि एवढं बोलून सदरराव परत जायला वळले, एक पाऊल टाकलं आणि तिथेच थिजले. छातीवरचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला.

"सदर... बॅटरी..." ते खोल आवाजात म्हणाले. "चढणीचा... अंदाज... चुकला."

आई म्हणाली, "राहू दे तिथंच. वाळवणाला उपयोगी पडेल." पण आत्यानं शेडमधून वायर आणली आणि सदररावांच्या पाठीतल्या खाचेत बसवली. वायर बारीक होती, त्यामुळे वीज थेंबाथेंबानं भरू लागली. हळूहळू दिवा लालाचा पिवळा झाला, आणि सदररावांनी डोळे उघडले.

"ही वीज कोणाची?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"आमची," सुरंगी म्हणाली. "थोडी ओढ्याची, थोडी ग्रिडची. मीटर बघा, आकडा वर चाललाय."

सदररावांच्या डोक्यातून बारीक घरघर ऐकू आली. "म्हणजे सदर निरीक्षकाने तक्रारदाराची वीज घेतली. ग्राहकाकडून पाहुणचार घेण्यास निरीक्षकाला सक्त मनाई आहे. सदर निरीक्षकाविरुद्ध तक्रार नोंदवणे भाग आहे." ते स्वतःविरुद्ध तक्रार सांगू लागले आणि स्वतःच उत्तर देऊ लागले, की आपली तक्रार आमच्यासाठी फार मोलाची आहे. पोरं पोट धरून हसत होती.

सुरंगीला मात्र त्यांची दया आली. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"सदरराव, वीज उसनी घेतली की परत द्यायची. त्यात मनाई कसली? आमचं आणि रावबाकाकांचं दुधाचं असंच आहे. आमची म्हैस दुधात असते तेव्हा त्यांची आटलेली असते. तेव्हा आम्ही त्यांना रोज एक तांब्या दूध देतो. मग आमची आटते, त्यांची विते, आणि ते आम्हाला तांब्या देतात."

"व्यवहार समजला," सदरराव म्हणाले. "हेच नेट मीटरिंग."

"हो ना! पण समजा, आमची म्हैस आटली त्याच दिवशी रावबाकाका म्हणाले, आज नवं वर्ष लागलं, मागचं सगळं विसरा. तर?"

रावबाकाका कुंपणापलीकडून ऐकत होते. "मी असं कशाला म्हनीन?" ते दुखावून म्हणाले. "मी काय कंपनी हाय?"

सदररावांची घरघर एकदम थांबली. मग डोक्यातल्या पंख्यानं जोरात वारा सोडला, आणि छातीवरचा दिवा लुकलुकू लागला. सुरंगीला वाटलं, परत बॅटरी संपली.

"सदर निरीक्षकाने," शेवटी ते सावकाश म्हणाले, "झरेवाडीच्या ओढ्याची वर्षभराची वीज आणि वाडीची वर्षभराची गरज शेजारी शेजारी मांडून पाहिली. ओढा जूनमध्ये भरतो, मार्चपर्यंत देतो. वाडी एप्रिल-मेमध्ये परत मागते. शिल्लक शून्य होण्याची तारीख बरोबर मधोमध येते. देणे संपते आणि घेणे सुरू होते, त्याच रात्री."

"म्हणजे नियम चुकीचा आहे!"

"नाही. सदर धोरण छतावरच्या सूर्यपट्ट्यांसाठी (उन्हापासून वीज करणाऱ्या सोलर पॅनेलसाठी) लिहिले गेले. ऊन वर्षभर येते, पावसाळ्यात थोडे कमी. त्यांचे मार्चमध्ये फारसे अडत नाही. पुढे कोणीतरी त्यात 'आणि लहान जलविद्युत' हे शब्द जोडले. तारीख मात्र तीच राहिली." सदररावांनी डबा-डोकं सुरंगीकडे वळवलं. "नियम चुकीचा नाही. नियम ओढ्याला भेटलेला नाही."

आत्या चाकाला तेल घालत होती, तिचा हात थबकला. धरणांवरच्या मोठ्या वीजघरांत तिला असल्या तारखांशी कधी देणंघेणं नव्हतं. "अगं बाई," ती म्हणाली, "मी नळाचा उतार मोजला, पात्यांचा कोन मोजला. वर्ष कधी बदलतं, एवढं मोजायचंच राहिलं."

"हा नियम बदलतो कोण?" सुरंगीनं विचारलं.

"राज्याचे वीज-नियम मंडळ. धोरण बदलण्याआधी ते जनसुनावणी घेते, म्हणजे (कोणीही नागरिक येऊन आपले म्हणणे मांडू शकेल अशी सभा). पुढची सुनावणी मे महिन्यात कोल्हापुरात आहे. वयाची अट नाही." सदररावांनी आवाज खाली आणला. "सदर निरीक्षकाने ही माहिती उसनी दिली असे समजावे. विजेच्या बदल्यात."

मे महिना उजाडेपर्यंत झरेवाडीची अवस्था बिकट झाली. ग्रिडची वीज विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून चारपैकी एकच फ्रीझर चालू होता. बायका पहाटे टोपल्या भरून करवंदं आणत आणि त्यांतली अर्धी दुपारपर्यंत मऊ पडत. मग ती वाडीनं खायची. सकाळी करवंदं, जेवताना करवंदांची चटणी, संध्याकाळी पुन्हा करवंदं. सगळ्यांचे ओठ आणि जिभा जांभळ्या झाल्या होत्या. दोन बायकांनी हळूच विचारलं, की दुसरीकडे काम बघू का? आईनं त्यांना थांबा म्हटलं खरं, पण त्या दिवशी ती सुरंगीवर विनाकारण दोनदा ओरडली आणि मग एकटीच बंद फ्रीझरवर बसून राहिली.

म्हणून सुनावणीच्या दिवशी सुरंगी, आई आणि आत्या कोल्हापूरला निघाल्या, तेव्हा बर्फाच्या पेटीत चालू फ्रीझरमधला आइस्क्रीमचा शेवटचा डबा होता. रावबाकाकाही निघाले. का, ते कुणालाच कळलं नाही. "माझ्या म्हशीचा विषय निघाला तर?" एवढंच ते म्हणाले.

सभागृह मोठं होतं. समोर मंडळाच्या अध्यक्ष, अनसूया कोरगावकर, चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. एकेक माणूस उठत होता, जड जड शब्दांत बोलत होता आणि बसत होता. सुरंगीचं नाव पुकारलं तेव्हा ती धावतच पुढे गेली. माइक तिच्या डोक्याच्या वर होता. तो खाली करायला गेली तर त्यानं शिट्टी मारली, आणि डुलकी लागलेले तीन जण एकदम जागे झाले.

"मी सुरंगी गावडे. इयत्ता सहावी. मी आमच्या ओढ्याच्या वतीनं बोलतेय."

कुणीतरी हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "बोल."

सुरंगी बोलली. ओढा कधी भरतो, कधी आटतो, वाडी कधी देते, कधी मागते. एकतीस मार्चला काय होतं. करवंदांपाशी आल्यावर तिला आई बंद फ्रीझरवर बसलेली आठवली आणि आवाज आपोआप चढला.

"तुझं म्हणणं कळलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आता माझी अडचण ऐक. वीज काही गोदामात ठेवता येत नाही. तुम्ही पावसाळ्यात दिलीत, ती त्याच क्षणी कुणीतरी वापरून संपवली. उन्हाळ्यात तुम्ही परत मागता, तेव्हा कंपनीनं ती नव्यानं कुठून आणायची? मे महिन्यात तर सगळ्या राज्याचे पंखे फिरत असतात."

सुरंगीनं माइक घट्ट धरला. हा प्रश्न तिच्या मनात आलाच नव्हता. तिनं मागे वळून आत्याकडे पाहिलं. आत्याही विचारात पडलेली दिसली. आई ओठ चावत होती. सभागृहाच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचं छत दिसत होतं आणि त्यावर निळे सूर्यपट्टे उन्हात लखलखत होते. बघताना डोळे दिपत होते.

सुरंगीनं डोळे मिचकावले. आणि मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

"त्यांच्याकडून!" ती खिडकीकडे बोट दाखवून ओरडली. माइकनं पुन्हा शिट्टी मारली. "बाई, त्या छतांवर आत्ता खूप वीज होत असेल ना? दुपारी?"

"होते. दुपारी तर काही वेळा जास्तच होते."

"आणि पावसाळ्यात? आभाळ भरलेलं असतं तेव्हा?"

"तेव्हा बरीच घटते."

"तेव्हा तर आमचा ओढा फुगलेला असतो! दिवसा चालतो, रात्री चालतो. त्यांच्यावर ढग येतात, ते ढग आमच्या डोंगरावर पाऊस पाडतात. त्यांचं कमी पडतं ते आम्ही भरून काढतो. आणि आत्ता आमचं कमी पडतंय, तर त्यांचं दुपारचं जास्तीचं आम्हाला द्या. आम्ही फ्रीझर दुपारीच जोरात चालवू. एकदा आइस्क्रीम दगडासारखं गोठलं, की रात्री त्याला फारशी वीज लागत नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. अध्यक्षबाईंनी चष्मा कपाळावरून खाली, नाकावर आणला.

आता आत्या उठली. "मी गौतमी गावडे, यंत्र-अभियंता. आम्हाला फुकट काही नको. वीज इकडून तिकडे नेणाऱ्या तारा आणि खांब कंपनीचे आहेत, त्यांची निगा कंपनी राखते. दिलेल्या दहा युनिटांपैकी एक कंपनीनं तारांच्या निगराणीपोटी ठेवावं. नऊ परत द्यावीत. फक्त हिशेबाचं वर्ष ओढ्याच्या सोयीनं धरावं."

"या आकडेवारीला कुणाचा दुजोरा आहे?" कंपनीच्या वतीनं आलेल्या गृहस्थांनी विचारलं.

"आहे," दारातून आवाज आला.

सदरराव होते. पायांना आता नव्या जाड टाचा बसवलेल्या होत्या. "सदर निरीक्षकाने स्थळपाहणी केली आहे. आकडे तंतोतंत आहेत. पारदर्शकतेसाठी हेही सांगणे आवश्यक आहे, की सदर निरीक्षकाने तेथे तीन युनिट वीज घेतली असून स्वतःविरुद्ध केलेली तक्रार अद्याप प्रलंबित आहे."

सगळं सभागृह हसलं. कंपनीचे गृहस्थसुद्धा. रावबाकाका उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, पान्याचा चोथा होत न्हाई. मी स्वतः पिऊन बघितलंय." हे कशाबद्दल होतं ते कुणालाच कळलं नाही, पण टाळ्या पडल्या.

पेटीतला डबा तोवर पार विरघळला होता. आईनं तो तसाच अध्यक्षबाईंपुढे ठेवला. "हे करवंदाचं आइस्क्रीम होतं," ती म्हणाली. "आता सरबत झालंय."

अध्यक्षबाईंनी आधी सगळ्यांना विचारलं, की सुनावणीत सरबत पिणं नियमात बसतं का? कुणालाच माहीत नव्हतं. मग सदररावांनी मंडळाची सगळी नियमावली चाळून सांगितलं, की सरबतांचा उल्लेख आढळत नाही. तेव्हा त्यांनी एक घोट घेतला.

निकाल लगेच लागला नाही. असे निकाल लगेच लागत नसतात. मंडळानं आणखी तीन वाड्यांमधले ओढे पाहिले, कंपनीचं म्हणणं ऐकून घेतलं, आणि दहात एक ऐवजी दहात दीड ठेवायचं ठरवलं. आईनं त्यावर बरीच कुरकुर केली. पण धोरणात नवा परिच्छेद आला: लहान जलविद्युत उत्पादकांसाठी (छोट्या ओढ्या-झऱ्यांवर वीज करणाऱ्यांसाठी) हिशेबाचं वर्ष एक जूनपासून एकतीस मेपर्यंत धरावं.

नव्या वर्षी पाणी आलं, चाक गरगरलं, शिल्लक साठली. मार्च संपला. एप्रिलच्या पहिल्या सकाळी सगळी वाडी मीटरपुढे उभी होती. शिल्लक जागच्या जागी होती. आईनं एकापाठोपाठ एक चारही फ्रीझर सुरू केले. मग सुरंगीच्या डोक्यावर जरा जोरातच टपली मारली. दुसरीकडे काम बघायला निघालेल्या त्या दोघी बायकाही कामावर होत्या, आणि आता आणखी दोघी आल्या होत्या.

मेच्या एका दुपारी शेडमधला फोन वाजला. आत्या ओढ्यावर होती, आईचे हात फणसाच्या चिकानं माखलेले. सुरंगीनं फोन घेतला. पलीकडे लांब सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा मुलगा होता. मागे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता.

"तुमच्याकडे ओढ्यावर वीज करतात म्हणे? आमच्याकडे पण एक ओढा आहे. मोठा आहे. आम्हाला जमेल का?"

सुरंगीच्या तोंडाशी टर्बाइन आलं, जनित्र आलं, नळाचा उतार आला. तिनं ते सगळं थांबवलं. स्टूल ओढून ती नीट ऐसपैस बसली आणि म्हणाली,

"जमेल की. पण आधी मला सांग, तुमचा ओढा कुठल्या महिन्यात आटतो?"